कृणाल निवृत्त झालेला नाही

या सोहळ्याचे अध्यक्ष आणि चारकोप गावाचे वडीलधारे लहू तांडेल, ज्यांच्या रेसिंग टीमने हा हॉल, ही फुलं आणि मागे शिजणारं जेवण दिलं ते प्रमुख पाहुणे राजेशजी, सूत्रसंचालन करणाऱ्या रश्मीताई, ज्याच्यासाठी आपण जमलो तो कृणाल, पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या आई मंजुळाबाई, आणि रविवारची झोप सोडून आलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

रश्मीताईंनी मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. गोड शब्द आधीच्या वक्त्यांनी संपवले. माझ्या वाट्याला जे उरले आहेत ते घेऊन मी उभा आहे.

कृणालला तुम्ही लहानपणापासून ओळखता. मी नाहूरचा, मी त्याला उशिरा भेटलो. तो मोटरसायकलच्या शर्यतीत उतरला तेव्हा पहिला करार घेऊन माझ्याकडे आला होता, कारण कुणीतरी त्याला सांगितलं होतं की हा म्हातारा जन्मभर कामगार संघटनेत होता, याला कलमं वाचता येतात. मी विचारलं, गाडी कुठे शिकलास? म्हणाला, "मढच्या बंदरावरून आईचे मासे आणायचो, काका. मागे बर्फाचा खोका. वळणावर गाडी वाकवायची, पण बर्फाचं पाणी आईच्या पापलेटावरून सांडलं तर घरी मार." मी खूप पुस्तकं वाचली आहेत. समतोल म्हणजे काय, ते इतक्या थोडक्यात मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर असा हा मुलगा राजेशजींच्या टीमसाठी धावला. खांद्याचं हाड मोडलेलं असताना, पट्टी बांधून, चेन्नईच्या ट्रॅकवर धावला, कारण टीमला त्या शर्यतीचे गुण हवे होते. ते त्याने आणून दिले. नंतर तो ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात पडून होता तेव्हा टीमने दुसरा रायडर नक्की केला. रेसिंगचा चामड्याचा सूट अंगाबरहुकूम शिवावा लागतो. इकडे कृणालच्या खांद्यात स्क्रू बसत होते आणि तिकडे नव्या मुलाची मापं घेतली जात होती.

तुम्हाला वाटेल, म्हातारा यावरून चिडला. नाही. टीम रायडर बदलते, रायडर टीम बदलतो, हा त्या धंद्याचा रिवाज आहे. करार संपला, वाटा वेगळ्या झाल्या, हात मिळवावा आणि निघावं. राजेशजी, तेवढंच झालं असतं तर मी तुमच्या हातचा बुके घेऊन जेवायला बसलो असतो.

माझा राग कशाचा आहे? मंडळी, जरा मान वर करा आणि माझ्या मागचा फलक वाचा. 'निवृत्तीनिमित्त कृतज्ञता सोहळा.' कुणाची निवृत्ती? मुलगा सव्वीस वर्षांचा आहे. गेल्या आठवड्यात त्याचा मला फोन आला, आवाजात आनंद मावत नव्हता. कोइमतूरच्या टीमने त्याला बोलावलं आहे. पुढच्या महिन्यात त्याने त्यांच्या गाडीवर बसायचं आहे.

आता त्याच्या करारातली एक गोष्ट साध्या मराठीत सांगतो. टीमने रायडरला सोडलं तर तो मोकळा, कुठेही जाऊ शकतो. पण रायडर आपणहून निवृत्त झाला तर पुढचे दोन सीझन त्याला दुसऱ्या कुठल्याही टीमसाठी धावता येत नाही. म्हणजे राजेशजींनी याला काढलं तर हा उद्या कोइमतूरला. आणि हा स्वतःच्या तोंडाने 'मी थांबतो' म्हणाला, तर दोन वर्षं घरी. त्या धंद्यात दोन वर्षं घरी बसलेल्याला पुन्हा कोण बोलावतं?

मग काढल्याचं पत्र कुठे आहे? नाही. पत्राऐवजी हा हॉल आहे. शाल आहे, श्रीफळ आहे, ही सुंदर फुलं आहेत, आणि तिकडे तीन पायांवर उभा केलेला तो कॅमेरा आहे.

तुम्ही फसलात, यात तुमचा दोष नाही. इथल्या प्रत्येकाने पालिकेतला, बँकेतला निरोप समारंभ पाहिला आहे. मानाने निरोप द्यायचा म्हणजे शाल, आणि शाल म्हणजे निवृत्ती, असंच आपल्या डोक्यात बसलं आहे. लहूकाका मला आनंदाने सांगत होते, "आपल्या गावात पहिल्यांदाच एवढा मोठा कार्यक्रम." मंजुळाबाई म्हणाल्या, "भाऊ, शेट देवमानूस हाय. पोराचा केवढा मान केला!" आई, मान होत नाही आहे. तुमच्या पोराला फुलं घालून कुलूप लावत आहेत.

कार्यक्रमाआधी चहाच्या खोलीत कृणालने मला खिशातला एक कागद दाखवला. सत्कारानंतर कॅमेऱ्यासमोर हे वाच, असं त्याला सांगितलेलं. मी स्वखुशीने रेसिंगमधून निवृत्त होत आहे, असा त्याचा अर्थ. मला म्हणाला, "काका, हे बोललो तर कोइमतूर गेलं का?" मी म्हटलं, "गेलं." त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "बाहेर आई नवीन साडी नेसून बसलीय. तिच्यासमोर तमाशा नको ना, काका." मी म्हटलं, "तू नको करूस. मी करतो."

तिथून मी राजेशजींकडे गेलो. हा फलक बदला, म्हटलं. ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अहो काका, निरोप काय नि निवृत्ती काय, शब्दाला काय धरून बसता? बॅनर छापून झालाय."

राजेशजी, खाली बसा. मी तुमच्यासाठीही टाळ्या वाजवल्या होत्या, आता माझं ऐकून घ्या. तुम्हाला हा गाडीवर नको आहे, ठीक. पण दुसऱ्याच्या गाडीवरही नको आहे, कारण तुमच्या गाडीची नस याला माहीत आहे, आणि हा समोरून धावला तर तुम्ही हराल अशी तुम्हाला भीती वाटते. ज्याला तुम्ही संपलेला ठरवलंत, त्याचीच भीती? मग संपलेला कोण आहे?

हा शाल-श्रीफळाचा डाव मी आधी पाहिला आहे. नाहूर स्टेशनच्या बाहेर आज जिथे उंच इमारती आहेत, तिथे आमचा कारखाना होता. मालकाला जमीन हवी होती, माणसं नको होती. त्याने स्वेच्छानिवृत्तीची टूम काढली आणि मोठा मांडव घातला. माझ्या शेजारच्या लेथवर रतन होता. त्याच्या गळ्यात हार घातला, खांद्यावर शाल टाकली, मालकाने मिठी मारली, फोटो निघाला. पुढे रतन कामगार न्यायालयात गेला आणि म्हणाला, माझ्यावर जबरदस्ती झाली. मालकाच्या वकिलाने तो फोटो पुढे केला. "यात तुम्ही हसताय ना?" रतन म्हणाला, "साहेब, फोटोवाला म्हणाला, हसा." कोर्टात सगळे हसले. रतन हरला.

म्हणून तो कॅमेरा पाहिला आणि माझ्या अंगाची आग झाली.

चैतन्य, तू तिसऱ्या रांगेत बसला आहेस. ज्याची मापं घेतली तो मुलगा तूच. बाळा, तोंड लपवू नकोस, तुझ्यावर माझा राग नाही. पण घरी जा आणि तुझा करार काढ. हेच कलम तुझ्याही करारात असेल. तुझ्यासाठीही कुठल्यातरी हॉलात एक शाल घडी घालून ठेवलेली असेल.

आता कॅमेरावाले दादा, तुमचं काम चालू ठेवा, बंद करू नका. कृणाल, ऊठ. इकडे ये, माईकपाशी. तो कागद खिशातच राहू दे. मला एकच सांग, तू निवृत्त होतो आहेस का?

आईकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ.

काय म्हणालास? मंडळी, मागच्यांना ऐकू गेलं नसेल, मी परत सांगतो. तो म्हणाला, "नाही. टीमने मला सोडलंय. मी गाडी चालवणार." दादा, रेकॉर्ड झालं? आवाज आला? झकास. आता राजेशजींनी हे चित्रण जपून ठेवावं. लागलं तर आम्ही मागायला येऊ.

मंजुळाबाई, रडू नका. साडी छान आहे. कोइमतूरला हीच नेसून जा.

मी आवरतं घेतो. अध्यक्ष महाराजांनी मला मध्येच खाली बसवलं नाही, याबद्दल त्यांचे आभार. रश्मीताईंनी दोनदा चिठ्ठी पाठवली, ती मी वाचली नाही, त्याबद्दल त्यांनी मोठं मन करावं. जेवण गार झालं असेल तर तोही अपराध माझाच. पाहुण्यांशी बोलताना आवाज चढला, तो वयाचा समजून पोटात घाला. शब्द मात्र माझेच आहेत, ते मी मागे घेत नाही.

राहिली ती शाल. लहूकाका, एवढी चांगली शाल वाया जाऊ देऊ नका. मला कारखान्यातून आधीच हाकललं होतं, त्यामुळे रतनच्या त्या मांडवात शाल घेणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. या व्यासपीठावर वयाने खरोखर निवृत्त झालेला माणूस मी आहे. ती माझ्या खांद्यावर घाला.

आणि दादा, फोटो काढा. फक्त हसा म्हणू नका.