चुलीतली पांढरी भुकटी

माहेर माहं कळंबच्या बाजूचं, लगन होऊन आली घाटंजीले, अन् दुसऱ्याच वर्षी आमच्या मालकाले परमुलखात सिमेंटच्या पत्र्याच्या कारखान्यात काम लागलं, तं गेलो आम्ही तिकडं. पोती फोडाची अन् आतला पांढरा धागा मशीनीत टाकाचा, हे त्यायचं काम. घरी येत तं अंगभर पांढरं. मी आंगणात कपडे झटको, मंग धुवो. काय सांगू तुम्हाले, एकानं नाही म्हटलं का बाई, तोंडाले फडकं बांध.

वरून माही अक्कल पाहा! रिकामी पोती हे घरी आणत, तळाची भुकटी मी चुलीच्या मातीत कालवो. चुलीले तडाच जात नव्हता ना! आळीतल्या बाया मागून नेत अन् मी हसत हसत वाटो, अशी मी शहाणी.

कारखाना बंद पडला, गावी आलो, लेकीचं लगन झालं, तीस वर्सं निघून गेली. मंग मालकाले धाप लागली. छातीत पाणी, पाठीत कळ. इथले डॉक्टर म्हणे टीबी. बेडका तपासला तं साफ, पुन्हा तपासला तं साफ, तरी गोळ्या चालूच! अरे, तपासून राह्यले का तमाशा करून राह्यले? नागपूरले नेलं तवा छातीतला तुकडा काढून तपासला, अन् डॉक्टरीणबाई म्हणे, हा मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर, कारखान्यातल्या त्या पांढऱ्या धाग्याच्या धुळीनं होणारा, अन् त्यातही झपाट्यानं वाढणारा प्रकार. आडवं पडलं का जीव घाबरा होये, बसूनच झोपत बिचारे. चार महिन्यांत गेले. अन् मेल्याच्या कागदावर, गोळ्यायचं जुनं कार्ड पाहून, काय लिहिलं? टीबी!

आता माहं पोट फुगलं. लोक म्हणे ग्यास. त्याच डॉक्टरीणबाईनं पाणी काढलं, तुकडा पाह्यला, तं तोच रोग, पण पोटाच्या अस्तराचा. तुमचा हळू वाढणारा आहे म्हणे, औषध देऊन पाहू. मी म्हटलं, बाई, मी तं कारखान्याचं फाटकही नाही पाह्यलं. डॉक्टरीण म्हणे, कपडे कोण धुवे?

तशीच रिपोर्ट घेऊन कामगारायच्या सरकारी हापिसात गेली. म्हटलं यायचा कागद दुरुस्त करा अन् धुळीनं आजारी पडलेल्यायच्या यादीत माहंही नाव लिहून घ्या. साहेब म्हणे, बाई, तुमची हजेरी कुठं आहे, तुम्ही कामगार नाही. असा राग आला मले! म्हटलं साहेब, धूळ काय हजेरी पाहून पोटात गेली?

मले आता काही नाही पाहिजे. पण लेक त्याच घरात वाढली हो. उद्या तिले धाप लागली तं डॉक्टर बापाचा कागद पाहीन अन् तिलेही टीबीच्याच गोळ्या देईन. म्हणून दर सोमवारी जातो, पोट धरून जातो, चार वेळा हाकललं तरी जातो. लेक सुखात राहो माही.

तुम्ही लिहून राह्यले ना, तं बराबर लिहा. टीबी नाही. मेसोथेलिओमा. मले लिहिता नाही येत, पण हा शब्द मी पाठ केला.