पाव इंचाची रेघ

—नाही नाही, ती पेटी राहू द्या गजाननराव, तिच्यात न धुतलेली काच आहे, उजेड लागला की सगळं मातीत. बसा ना, बैठो तो सही, पन्हं घ्या. ग्वाल्हेरच्या कचेऱ्या उन्हाळ्यासाठी इंदुरात आल्या की तुम्ही याल, ठाऊकच होतं मला. लीलाच्या — तुमच्या अक्काच्या — साड्या, पोथी, तंबोरा, सगळं बांधून ठेवलंय. सख्ख्या भावानं न्यावं, हेच बरं. पेटी तेवढी माझी.

त्या काचेवर काय आहे? तेजोमेघ. मृग नक्षत्राच्या पट्ट्यातल्या तीन चांदण्या बघितल्यात ना? त्यातल्या खालच्या चांदणीपाशी एक धुरकट पडदा आहे, आणि पडद्यावर काळं घोड्याचं डोकं. डोळ्याला दिसत नाही, माझ्या दुर्बिणीतूनही नाही — फक्त फोटोच्या काचेवर उमटतं, तेही दोन-तीन तास कॅमेरा उघडा ठेवला तर. आणि हे सगळं घराच्या गच्चीवरून! इकडे मिलच्या चिमण्या, तिकडे रस्त्याचे दिवे, लेन्सवर दव. शिवाय तो उजेड लाल, साध्या काचेला लाल दिसतच नाही, म्हणून मुंबईहून खास काचा मागवल्या. तीन. एक धुरानं गेली, दुसरी मी शिंकलो म्हणून. हसा, हसा, अक्कापण हसली होती.

बरं, आभाळ सरकतं, मतलब कॅमेराही सरकायला हवा. मी पडलो सर्व्हे खात्यात पंचवीस वर्षं नकाशे काढलेला माणूस — भिंतीवरच्या जुन्या घड्याळाचं यंत्र जोडलं, दोरीला वजन. वजन उतरतं तसा कॅमेरा आभाळाबरोबर फिरतो. दर वीस मिनिटांनी दोरी ओढून वजन वर घ्यायचं, करकर करकर, बस. नाही ओढलं तर यंत्र थांबतं, आणि चांदणीचा ठिपका न येता रेघ येते. माझ्या लेन्सचा हिशेब पक्का आहे — पाच मिनिटांची रेघ पाव इंच. दोरी ओढायची आणि छोट्या दुर्बिणीला डोळा लावून एक चांदणी भिंगातल्या तारांच्या फुलीवर धरून ठेवायची, दोन्ही कामं अक्काची. माझा हात थरथरतो. तिचा नाही थरथरायचा.

ऐकलंत? वर, गच्चीवर. नाही? खैर, वारा असेल. दोरी तर मी कधीच काढून टाकली.

त्या दिवशी संक्रांत. मिलला सुट्टी, धूर नाही, चंद्र नाही — अशी रात्र वर्षातनं एखादीच. अक्काला सकाळपासून धाप लागत होती, हे मी तुम्हाला पत्रात लिहिलं नव्हतं. 'आज राहू द्या,' म्हणाली ती. एकदाच म्हणाली. मी म्हटलं, शेवटची काच आहे. मग शाल पांघरून बसली बिचारी. आठला कॅमेरा उघडला, आणि दहाला समोरच्या अप्पासाहेबांनी ओसरीवरचा दिवा लावला, थेट आमच्या गच्चीवर उजेड! मी तिला बजावलं, हलू नकोस, हाक मारू नकोस, धावाधाव झाली की गच्ची हादरते. आणि उतरलो तो भांडायलाच. पण संक्रांतीला कुणी भांडू देतं का? 'या दिवाकरराव, तिळगूळ घ्या' — हातावर तिळगूळ पडल्यावर माणसानं काय करावं? दिवा त्यांनी लगेच मालवला. शेगडी होती, चहा आला, घोड्याचं डोकं म्हणजे काय हो, असं विचारलं त्यांनी, मी सांगितलं. पाच मिनिटं. तुमच्या आईंनाही मी पाच मिनिटंच सांगितली. वर आलो तर ती दुर्बिणीपाशी पडलेली. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी बोलावलं असतंत तर — डॉक्टर काय, म्हणतातच.

पण घोडा काय आलाय, गजाननराव! मान वळवलेला, आयाळसुद्धा—

हो. न धुतलेली म्हटलं होतं मी. म्हटलं होतं. अहो, उघडू नका — बरं. धरा खिडकीकडे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी धुतली. घोडा आहे, चांदण्या आहेत, आणि एकेका चांदणीला शेपूट आहे. ती फूटपट्टी ठेवा खाली. मोजलीय मी, रोज मोजतो. दोन इंच. हिशेब तुम्हालाही येतो, चाळीस मिनिटं. आणि ती पडल्यापासून वजन खाली टेकेपर्यंत जो वेळ गेला, तो त्या रेघेत आलेलाच नाही.

आता काय बघताय? रेघेचं टोक? हो, साफ आहे. धावत जाऊन तिला उचललं असतं तर गच्ची हादरली असती, टोक वेडंवाकडं आलं असतं. ते सरळ आहे. कारण मी पावलं न वाजवता आलो, आधी लेन्सला टोपण लावलं. मग लीलाकडे वळलो.

न्या, पेटीपण न्या. आईंना दाखवा. आणि जा आता. जा म्हणतो ना! वीस मिनिटं झाली — ती वर दोरी ओढतेय.