गोरक्ष रोपांना गोंजारतो

न्हाई न्हाई, तुमीच सांगा राव, माणसानं शिकायचं तरी किती? आं? काय हद्द हाय का न्हाई? चाळिशी उलटली, डोक्यावरचं निम्मं केस गेलं, दोन लेकरांचा बाप झाला, आन् हा गडी अजून वही-पेन घेऊन गावोगाव हिंडतोय! कोण म्हणून काय विचारता? अवो गोरक्ष! माझ्या शेजारचा! आळेफाट्याच्या अलीकडं रस्त्याला लागून दोन रोपवाटिका हायेत बघा. जिच्यावर हा एवढा मोठा रंगीत बोर्ड हाय, बोर्डावर माझा कोटातला फोटो हाय, ‘सुदर्शन हायटेक रोपवाटिका’, ती माझी. आन् जिथं बोर्ड न्हाई, नुसत्या गिऱ्हाइकांच्या गाड्या हायेत, ती त्याची.

आता तुमी म्हणाल, ह्याचं पोट दुखतंय. छे छे! त्याचं बरं चाललंय त्याचं मला अजिबात वाईट वाटत न्हाई… वाटतं. वाटतं राव, खोटं कशाला बोलू? तो सकाळी तिकडं बंब पेटवतो आन् धूर हितं माझ्या पोटात निघतो!

दोघांनी एकाच वर्षी सुरुवात केली. एकाच दुकानातनं शेडनेट आणलं, ट्रे बी एकाच टेम्पोतनं आलं. तेरा वर्षं झाली. तेरा वर्षं हा बाबा टोमॅटोचं रोप सोडून दुसरं कायबी करत न्हाई. वांग्याचं मागा, म्हणतो, “मला जमत न्हाई.” मिरचीचं मागा, म्हणतो, “सुदर्शनभाऊंकडं मिळंल.” आन् रस्त्यात गाठून विचारा, “काय गोरक्ष, काय चाललंय?” तर मान खाली घालून, असं मांजराच्या पिल्लागत बोलतो, “काय न्हाई भाऊ… शिकतोय.” तेरा वर्षं एकच रोप, आन् हा शिकतोय!

मंग म्या काय गवत उपटलं व्हय? मी पुण्याला जाऊन उद्योजक शिबिर केलंय. एक दिवसाचं, जेवणासहित! सर्टिफिकेट हाय, फ्रेम केलीय. तिथला तो सर, गळ्यात टाय, स्टेजभर पळत व्हता नुसता, “मित्रांनोऽऽ! विजेता कधी थांबत नाही!” पटलं मला. म्हणून मी थांबलोच न्हाई. रोपवाटिकेच्या जोडीला मंडप काढला, मंडपाच्या जोडीला पाण्याचं जार काढलं, जार पोचवताना मधी मोकळा येळ मिळतो म्हणून ससं पाळलं… ससं बिबट्यानं नेलं. असू द्या. त्याचा तरी धंदा चालला.

आन् हा? हा दर गुरवारी बायकोवर काम टाकून जातो कुठं, तर तळेघरला! पार भीमाशंकरच्या अंगाला! एसटी धड न्हाई, उरलेला रस्ता तंगड्या तोडत. तिथं ठकूबाई म्हणून एक म्हातारी हाय, नाचणी लावती, शाळेची पायरी चढलेली न्हाई, तिच्या बांधावर हा मांडी घालून बसतो आन् वहीत लिहितो. मी म्हणलं, “आरं, ती तुला काय शिकवणार?” तर म्हणतो, “तेच बघतोय भाऊ.” बघा! काय शिकायचं तेबी ठाऊक न्हाई, आन् हा शिकतोय!

बरं, हे सगळं मी पोटात घातलं असतं हो. पण ह्या साली त्यानं माझ्या सासऱ्यालाच हात घातला.

माझं सासरं, सावळाराममामा, महाळुंगे पडवळचं. गावातल्या टोमॅटोवाल्यांचा गट हाय, मामा त्याचं म्होरकं. सगळ्या गटाची रोपं दर साली माझ्याकडनं. का? तर जावई! पण गेल्या साली काय झालं, माझी रोपं जरा… उंच झाली. लावली की आडवी. आन् औंदा मामांचा निरोप आला, “पावणं, दोन्हीकडची रोपं बघतो आन् मग ठरवतो.” दोन्हीकडची! आता ही ऑर्डर गेली तर निम्मं शेडनेट रिकामं, ते एक येळ सोसंल. पण दिवाळीला सासरी जाऊन पाटावर बसायचं कुठल्या तोंडानं? सांगा ना!

म्हणून मी पाळत ठेवायला लागलो. सकाळी पाण्याच्या टाकीवर चढायचं आन् तिकडं बघायचं. आन् एक दिवस काय दिसावं? गोरक्षनं एका वेळूच्या काठीला बापाचं, मेंढरं राखणाऱ्या यमाजीचं, जुनं धोतर बांधलेलं, आन् ते धोतर हा रोपांच्या शेंड्यांवरनं हळूऽऽ फिरवतोय. हिकडनं तिकडं. तिकडनं हिकडं. रोपं वाकत्यात, उठत्यात. मी म्हणलं, संपला! गडी कामातनं गेला! असा आनंद झाला मला तुमाला सांगतो, टाकीवरनं पडता पडता राह्यलो. लगेच व्हिडिओ काढला आन् महाळुंग्याच्या टोमॅटो ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘बापानं मेंढरं गोंजारली, लेक रोपं गोंजारतोय!’ आन् पुढं हसून डोळ्यात पाणी आलेली चार तोंडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा गाड्या. त्याच्या दारात!

पहिल्या गाडीतनं मामा उतरलं. मी चहाचा थर्मास घेऊन पळालो, “मामा, आधी आपल्याकडं…” तर म्हणतात, “थांबा पावणं. तुमी धाडलं ते बघू द्या आधी.” म्या धाडलं! माझ्या नेटवर, माझ्या बोटानं! आन् गोरक्ष मामांना सांगतोय, “तात्या, तळेघरला ठकूमावशीची रोपं कशी बुटकी, जाड काडीची. का, तर डोंगराचं वारं त्यांना दिसभर हलवतं. आपल्या शेडनेटात वारंच न्हाई, म्हणून रोप नुसतं लांबतं. मंग म्हणलं, आपुन हातानं हलवावं.” मामांनी बोटानं एक रोप वाकवलं. सोडलं. टुणकन उभं! मामांनी माझ्याकडं पाह्यलं बी न्हाई.

मी काय कमी हाय व्हय? घरी आलो, म्हणलं, हेच ना? आत्ता करतो! पण धोतर कुठनं आणू? आमच्यात सगळी प्यांटवाली. मंडप झाडायचा खराटा व्हता, तो घेतला. नुकतंच पाणी मारलेलं, पानं ओलीगच्च. तो दहा फेऱ्या मारतो? मी पन्नास! तेवढ्यात जारवाल्याचा फोन आला, एका हातात फोन, एका हातात खराटा, फिरवतोय, फिरवतोय… बायको आली, अश्विनी, आन् दारातच थबकली. “अवो, हे काय करताय? कोथिंबीर निवडताय का?” खाली बघतो तर शेंड्यांचा सडा! जी वाचली त्यांच्या पानांवर चार दिवसांत काळं डाग. ती बी गेली.

आता ऐका हं, खरी जळजळ हितनं पुढं हाय. मामा ऑर्डर द्यायला गेलं गोरक्षकडं. आन् त्यानं न्हाई म्हणलं! म्हणतो, “तात्या, जेवढ्या रोपांवर माझा रोज हात फिरतो तेवढीच मी लावतो. त्याच्या वर गेलो तर एकाचंबी नीट व्हायचं न्हाई. तुमी सुदर्शनभाऊंनाच द्या. मी रोज सकाळी जाऊन बघीन.” मामांनी तिथनंच लेकीला फोन लावलेला, अश्विनीनं तो स्पीकरवर टाकलेला, मी ऐकतोय. अवो, भांडून माझी ऑर्डर नेली असती तर गावभर शिव्या देत सुखानं झोपलो असतो! पण माझीच ऑर्डर मला दान केली! ह्याला काय म्हणायचं?

म्या ट्रेत नवं बी टाकलं, आन् तवापासनं गोरक्ष रोज सकाळी सात वाजता हजर. हातात बापाचं दुसरं धोतर. “भाऊ, पानं वाळल्याबिगर हात न्हाई लावायचा. भाऊ, फोन ठिवा. भाऊ, मंडपाचं नंतर बोला.” एक दिवस न राहवून मी विचारलं, “गोरक्ष, खरं सांग, तुला ह्यात काय मिळतं?” तर वही उघडून म्हणतो, “भाऊ, रोप किती जोर सोसतं, कुठं मोडतं, हे मला कळत नव्हतं. मोडून बघायचा जीव व्हत नव्हता. तुमी ते एका दुपारात करून दाखवलं. तुमच्याकडनं लई शिकाय मिळालं बघा.” घ्या! रोपं मोडली माझी, फजिती झाली माझी, आन् हा शिकतोय!

काल मामा आलं बघायला. एक रोप वाकवलं, सोडलं. टुणकन उभं. माझी छाती फुगली, म्हणलं आता शाबासकी. तर मामा गोरक्षच्या पाठीवर हात ठेवून काय म्हणावं? “गोरक्षा, पोरगी दिल्यापास्नं बघतोय बाबा, हा माणूस एका जागी तासभर उभा राह्यलेला आज पहिल्यांदा पाह्यला.” मागं अश्विनी पदर तोंडाला लावून हसतीय! असा राग आला मला, असा राग आला, म्हणलं आता सासरा बघणार न्हाई, शेजारी बघणार न्हाई, चांगलं फाडफाड बोलतो… पण काय करता राव, पानं वाळली व्हती. वाळल्या पानांवरच काठी फिरवायची असती. मंग बोलत बसायला येळ कुणाला हाय?