किलब्रॅनचे तेरा मतदार

चारुदत्त : ...अजून तेच लिहून राहिली का तू? दोनला मराठी मंडळाची एजीएम आहे. ब्रिजवर ट्रॅफिक लागला तर संपलंच. इथं सही कर अन् चल.

सीमा : किती येरझाऱ्या घालशील चारू! उद्या प्रोफेसर निकोलना थिसिसचा चॅप्टर द्यायचाय.

चारुदत्त : ते आयर्लंडचं खेडं?

सीमा : किलब्रॅन. एवढंसं गाव, पण डब्लिनच्या जुन्या पार्लमेंटमध्ये त्याचे दोन मेंबर. आणि मतदार किती? तेरा.

चारुदत्त : तेराच?

सीमा : माणसं सहाशे. मत तेरांना. ते तेरा कोण, हे जमीनदार ठरवणार. त्याचा भाऊ, मेहुणे, कारभारी. शंभर वर्षं सीट घरातच. शेवटी अठराशे साली ते पार्लमेंटच बंद झालं. गावाला त्याचं ना सुख ना दुःख.

चारुदत्त : बाप्पा! चोर लेकाचे. कर ना सही.

सीमा : कशावर?

चारुदत्त : नॉमिनेशन. मंडळावर आपल्या ब्रॉसार्डचा प्रतिनिधी. सूचक तू, अनुमोदक मागच्या गल्लीतला शंतनु. दरवर्षीचंच.

सीमा : किती वर्षं झाली?

चारुदत्त : नऊ. बिनविरोध!

सीमा : ब्रॉसार्डमध्ये मराठी घरं किती?

चारुदत्त : तीन. म्हणजे, सीट मिळाली तेव्हा तीन. आता असतील अकरा-बारा.

सीमा : आणि तुझ्या ईमेलच्या यादीत?

चारुदत्त : ...तीन. अगं, नवे लोक आहेत. समोरचे निमिष-ऊर्मी आत्ता तर आले विनिपेगहून.

सीमा : दोन वर्षं झाली. परवा ग्रोसरीत ऊर्मीनं विचारलं, तुमचा गणपती कुठे असतो हो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चारुदत्त : म्हणजे मी चोर? हॉलसमोरचा स्नो कोण शोव्हल करते? खुर्च्या कोण लावते?

सीमा : तूच. आणि नऊ वर्षं तुझ्या नावाखाली सही माझी. त्या तेरांतली मीही एक.

(चारुदत्त खिडकीपाशी जातो. रस्त्यापलीकडे निमिषचं घर दिसतं. हातातल्या कागदाची घडी घालतो, उलगडतो, पुन्हा घालतो.)

चारुदत्त : ऑफिसात सगळे फ्रेंचमध्ये बोलतात सीमा. मीटिंगमध्ये मला कोणी काही विचारत नाही. तिथं मंडळात दार उघडलं की चारुभाऊ, चारुभाऊ होते. तेवढंच आहे माझ्याजवळ.

सीमा : ठाऊक आहे रे. उभा राहा की. पण त्यांना बोलावून.

चारुदत्त : अन् निमिष उभा राहिला तर? त्याला फ्रेंचपण येते.

सीमा : तर कदाचित पडशील.

चारुदत्त : ...नंबर दे त्याचा.

सीमा : फ्रिजवर लावलाय. दोन वर्षांपासून.

चारुदत्त : हॅलो, निमिष? समोरचा चारुदत्त बोलून राहिलो. मराठी मंडळाची निवडणूक आहे. हो, आजच. आधी सांगायला पाहिजे होतं, चूक माझीच. मेंबर तिथंच होता येते. काय? विंटर टायर्स नाही लावले अजून? मग माझ्या गाडीत चला. नाही नाही, ऊर्मीलापण आणा. मत दोघांना आहे.

सीमा : आण तो कागद इकडे.