वाढत्या मापाचं हेल्मेट

...आणि वर मलाच विचारतात, दत्ताराम, डोकं तुझं, मग माप भलत्याच्या डोक्याचं कसं दिलंस? आता काय सांगायचं? अहो, माप माझ्याच डोक्याचं होतं. डोकं माझं, सुतळी घरची, भर दुपारी अंगणात बसून घेतलेलं माप. फक्त ते घेतलं आईनं, आणि आमची आई, तुम्हाला सांगतो, जन्मात कधी कशाचं बरोब्बर माप घेत नाही. वाढतं घ्यावं, म्हणते. सदरा वाढता, वहाणा वाढत्या, लग्नातला माझा कोट इतका वाढता की मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजींनी दोनदा वाकून पाहिलं, आत नवरा आहे ना म्हणून. बरं, कोट वाढता चालतो. पण हेल्मेट?

थांबा, मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो.

मी देवी टोचणारा. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात जेवढ्या वाड्या आहेत तेवढ्या माझ्याकडं. लशीचा डबा खांद्याला, छत्री काखेत, आणि चढ. वर पोचावं तर आयाबाया पोरं उचलून रानात पसार, मग त्यांच्यामागं आणखी एक चढ. बारा वर्षं केलं हे. उजवा गुडघा असा झालाय की उठताना आधी तो बोलतो, मग मी. ते एक सोसलं असतं हो, पण ती लस... उन्हात तापली की तिच्यात राम नाही. म्हणजे मी धापा टाकत पोचायचो, पोरं सापडायची, टोचायचो, आणि मनात मात्र खात्री नसायची की हे पोर वाचलं म्हणावं का नाही. रात्री जेवण गोड लागत नाही हो असं टोचून आलं की.

अशात आमच्या ऑफिसात फटफटी आली. एकच. आणि टोचणारे आम्ही दोघं, मी आणि बिरवाडीचा चांगू. साहेब पुण्याचे, त्यांचं सगळं कसं शिस्तीत. "हे बघा, या वाटा म्हणजे रस्ते नव्हेत. दगड आहेत, ओढे आहेत, सुटी माती आहे. डोक्याला हेल्मेट, अंगात जाड कोट, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट. शिमग्यानंतरच्या सोमवारी हे घालून जो उभा राहील त्याला किल्ली. आणि हेल्मेट मापाचं हवं बरं का. कानशिलं जराशी दाबली गेली पाहिजेत. मान फिरवली की मानेबरोबर फिरलं पाहिजे. सैल हेल्मेट घालणं आणि डोक्यावर बादली ठेवणं, एकच." आता साहेबांनी हे मला सांगितलं. आईला कुठं सांगितलं? तिथंच घात झाला.

महाडच्या बाजारात गेलो. हेल्मेट म्हटल्यावर पहिल्या दुकानदारानं घमेलं काढून दाखवलं, दुसऱ्यानं छत्री. तिसरा जाणकार होता, तो म्हणाला मुंबईहून मागवून देतो, आणि किंमत सांगितली. ती ऐकून मी डोक्याला हात लावला, आणि तेवढ्यात मनात आलं की या डोक्याची एकूण किंमत तरी तेवढी आहे का? मग राहिला आमचा चुलतभाऊ भिकू. मुंबईच्या गिरणीत आहे. त्यानं निरोप पाठवला की जुन्या बाजारात मिलिटरीचा माल मिळतो, कोट, बूट, टोप, सगळं स्वस्तात, मापं पाठव, शिमग्याला येताना आणतो.

आता आमच्याकडं मुंबईची खरेदी कशी असते, ठाऊक आहे ना? माणूस जात नाही, माणसाचं माप जातं. बांगडीचा दोरा, कमरेची सुतळी, कागदावर पाय ठेवून कोळशानं मारलेली रेघ... गावातला कोणी मुंबईला निघाला की त्याच्या पिशवीत अर्ध्या गावाचं अंग असतं. तशी माझी मापं घ्यायला आई बसली. मी डोक्याचं मुंडासं सोडायला लागलो तर माझ्या हातावर चापट. "सोडतो कशाला रे? बोडक्या डोक्यानं बसायला सुतक हाय काय घरात?" आता घ्या. म्हणजे माप मुंडाशावरून. मी म्हटलं, "आये, तो टोप डोक्यावर बसायचाय, मुंडाशावर नाय." तर म्हणते, "तू रानात मुंडाशाशिवाय जातोस काय कधी?" मी हात खाली घेतले. सुतळी मुंडाशाभोवती फिरली, जिथं टोकं जुळली तिथं गाठ मारायची, तर आईनं बोटं मोजून दोन बोटं पुढं गाठ मारली. वाढतं घ्यावं.

"आये, मी चौतीस वर्षांचा हाय. डोकं वाढतंय होय आता?"

"अंग वाढतं तर डोकं काय मागं राहील?" आणि माझी बायको तुळसा, ती पदर तोंडाला लावून माझ्या पायाची रेघ मारत होती कोळशानं. तिनंही कोळसा असा तिरका धरला की पायाभोवती दुसरा पाय उमटला. सासूच्या हाताखाली दहा वर्षं काढलीत, काही शिकणार की नाही?

शिमग्याला भिकू उतरला एसटीतून, पाठीवर हे एवढं बोचकं. सगळा वाडा जमला बघायला. भिकूनं एकेक चीज बाहेर काढावी आणि मी अंगावर चढवावी... कोट गुडघ्याखाली. हातमोज्यांची बोटं माझी बोटं संपल्यावर पुढं रिकामी लोंबतायत. बुटात पाय घातला, तो आत चालत गेला म्हणा ना, बूट जागच्या जागी. आणि मग हेल्मेट. डोक्यावर ठेवलं आणि अंधार. खरंच सांगतो, शिमग्याच्या त्या टळटळीत दुपारी मला काही दिसेना. मी उजवीकडं बघितलं, हेल्मेट समोरच बघत होतं.

आतूनच ओरडलो, "भिक्या, सुतळीचं माप दाखवलं होतंस का?"

"दाखवलं म्हंजे? सेठच्या हातात दिली ना सुतळी. सेठ बोलला, भाय, आदमी का सर है या हंडा? मी बोललो, सेठ, माप आमच्या काकीनं घेतलंय, तू खाली बात करू नको. तर तो त्याच्यापरमाणे काढून देत होता, पण मीच बोललो, एक नंबर वरचा दे. काकी बोलते ना, वाढतं घ्यावं." म्हणजे बघा, मुंडासं एक, आईची दोन बोटं, वर भिकूचा एक नंबर. सगळ्यांनी आपापल्या परीनं माझं भलं केलं होतं, आणि त्या भल्याच्या आत मी उभा होतो, काळोखात.

त्या दिवशी मात्र माझा तोल गेला. सगळे पांगल्यावर आईला नको ते बोललो. म्हटलं, "तुझ्या वाढत्या मापानं माझी फटफटी घालवलीस. एकदा, एकदा तरी माणसाच्या मापाचं घ्यायचं होतंस." ती चुलीपुढं भाकरी थापत होती. थापता थापताच बोलली, माझ्याकडं न बघता. "एकदा घेतलं होतं. मालोजीला. तुझ्या थोरल्याला. शिंपी बोलला कापड कमी पडतंय, मापाचाच शिवतो. म्या म्हटलं शिव. बरोब्बर बसला सदरा, बाहुल्यावानी दिसत होता. त्या सालातच देवी आल्या गावात." मग तिनं भाकरी तव्यावर टाकली. "वाढतं घेतलं की पोर तिथवर वाढतंच. मग मी वाढतंच घेते."

मी तेव्हा रांगत होतो, मला तो भाऊ आठवतसुद्धा नाही. मी गावोगाव देवी टोचत फिरतो ते पगारासाठी, असं इतकी वर्षं मला वाटत होतं. आई तिच्या परीनं टोचतच होती म्हणायची, दोन बोटांनी. मी ताटावर जाऊन बसलो.

पण सोमवार काही थांबत नाही हो. परत करावं तर जुन्या बाजारातला माल, आणि भिकूची सुट्टी संपत आलेली. मग तुळसानं मार्ग काढला. बुटात पेंढा कोंबला. कोटाच्या बाह्या आत दुमडून टाके घातले. आणि हेल्मेटात, सांगू का, हेल्मेटात तिनं चुंबळ बसवली. चुंबळ, बायका पाण्याचा हंडा घेतात ना डोक्यावर, त्याच्याखाली कापडाचं वेटोळं ठेवतात, ती. तिची रोजची होती, जुन्या लुगड्याची. दोन टाके मारून आत पक्की केली आणि म्हणाली, "बघा आता. हंडा पडत नाय तर तुमचा टोप काय पडतो?" डोळ्यांपुढं उजेड आला एकदाचा.

सोमवारी साहेबांपुढं उभा राहिलो. चांगू आला होता सोला हॅट घालून, ती साहेबलोकांची उन्हाची टोपी, लग्नातून मागून आणलेली, म्हणजे तो तिथंच बाद. साहेब माझ्याभोवती एक फेरी मारून आले. हेल्मेटला नुसतं एक बोट लावलं, तर ते चुंबळीवर गर्रकन फिरलं आणि माझ्या नाकापुढं पाठीमागची बाजू. साहेबांनी ते धरून पुन्हा सरळ केलं. मग म्हणाले, "आत काय आहे?" म्हटलं, "चुंबळ, साहेब." "बरं," म्हणाले, "दुसरा कोणी नाही म्हणून किल्ली देतो. पण मापाचं मागवा. आणि तोवर हे का होईना, डोक्यावर ठेवा. काढायचं नाही."

काढायचं नाही. ऐकलं ना तुम्ही? मीही ऐकलं होतं.

पहिले चार दिवस काय सांगू महाराजा... जिथं दुपार व्हायची तिथं मी न्याहारीच्या वेळी. लस गार. गुडघा गप्प. आणि गंमत म्हणजे फटफटीचा आवाज ऐकून आयाबाया पळायच्या ऐवजी पोरं घेऊन पुढं यायला लागल्या, यंत्र बघायला. पाचव्या दिवशी उमरठच्या वर एका वाडीत टोचून झालं, मी वाकून डबा बांधतोय, हेल्मेट खाली ठेवलेलं, तर चंद्राबाई म्हणून एक म्हातारी, तिनं आत वाकून बघितलं आणि सगळ्यांना हाक मारून म्हणते, "अगो बघा गो, ह्यो डागदर डोक्यावर चुंबळ घेतो. पाण्याला जातोस काय रे बाबा?" सगळी वाडी हसली. पोरं तर दंड चोळत, रडता रडता हसली. आता हसली तर हसू द्यावं ना? बारा वर्षं मला बघून रडणारी पोरं, पहिल्यांदा हसली. पण नाही. माझ्यातला पुरुष जागा झाला. हेल्मेट हँडलला अडकवलं, बोडकाच निघालो, आईचं सुतकसुद्धा आठवलं नाही.

दुसऱ्याच वळणाला खडी. पुढचं चाक असं सरकलं... मी करवंदीच्या जाळीत, फटफटी माझ्या पायावर आडवी, आणि डोकं दगडावर. जरा वेळ नुसतं आभाळ दिसत होतं. मग एकेक अवयव हलवून बघितला. कोपर? दुमडलेल्या बाह्यांचा जाड थर, खरचटलंसुद्धा नाही. बोटं? मोज्यांची रिकामी टोकं तेवढी फाटली. पाऊल? फटफटीखाली बूट चेपला होता, पण चेपला तिथं पाय नव्हताच, पेंढा होता. जिथं जिथं वाढतं घेतलं होतं तिथं तिथं मी वाचलो होतो. रक्त येत होतं ते एकाच ठिकाणाहून. आणि हेल्मेट समोर हँडलला लोंबत होतं, आतल्या चुंबळीसकट, साधा ओरखडा नाही. तिथं पडल्या पडल्या मला मालोजीचा तो सदरा दिसला हो. कधी न बघितलेला. लहानसा, बरोब्बर मापाचा.

महाडला डॉक्टरांनी सात टाके घातले आणि पट्टी गुंडाळली. गुंडाळली म्हणजे किती? कपाळापासून टाळूपर्यंत, थरावर थर, आरशात बघितलं तर मुंडासंच, वर दोन बोटं जास्तच. घरी आलो. आई रडली नाही, ओरडली नाही. टाक्यांवरून न लागेल असा हात फिरवला आणि तुळसाकडं हेल्मेट मागितलं. आतली चुंबळ उसवून तिच्या हातात दिली, "घे गो, पाण्याला जायचं हाय तुला." आणि ते हेल्मेट माझ्या डोक्यावर ठेवलं.

बसलं. तुम्हाला सांगतो, असं बसलं, कानशिलं जराशी दाबली गेली, मान फिरवली तर मानेबरोबर फिरलं. आईनं कडेनं बोटं घालून बघितली, जात नव्हती. मग ती भाकऱ्या थापायला चुलीकडं गेली.

आठवड्यानं ऑफिसात गेलो तेव्हा साहेबांनी हेल्मेट धरून हलवून बघितलं आणि खूष झाले. "वा, आता कसं मापाचं आणलंत. आधीचं परत केलंत ना?" म्हटलं, "हो साहेब." दुसरं काय म्हणणार?

पण परवा पट्टी सुटली. म्हणजे डोकं पुन्हा होतं तेवढं. भिकूला निरोप गेलाय, गणपतीला येताना दुसरं आण, एका माणसाच्या मापाचं. आणि काल दुपारी आई सुतळी घेऊन अंगणात येऊन बसली. मी बोडका होतो, टाक्यांना वारा लागावा म्हणून. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. आता वाद घालून उपयोग आहे का काही? आत गेलो, मुंडासं बांधलं, येऊन तिच्यापुढं बसलो, आणि म्हटलं, "घे आये. वाढतं घे."