कावळेदादाची सही

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. एक विचारतो, मनाशीच उत्तर द्या. रडणाऱ्या पोराला गप्प करायला गोड खोटं सांगितलं, तर ते पुण्य की पाप? या पुढच्या आजी मान हलवतायत — पुण्यच म्हणून! थांबा आजी, घाई नको.

संगमेश्वरात मुकुंदराव आठल्ये म्हणून मास्तर होते. मुलांसाठी पुस्तकं लिहायचे. त्यांच्या गोष्टींतला कावळेदादा कुणाचाही निरोप कुठेही पोचवायचा. मग पोरं काय करायची? थेट कावळेदादालाच पत्र टाकायची! मास्तर प्रत्येकाला उत्तर लिहायचे, खाली सही — 'तुझा कावळेदादा'. आपल्याला घरातल्या पोराशी बोलायला सवड नसते — असो.

एकदा लांज्याकडच्या कुंदाचं पत्र आलं. नऊ वर्षांची पोर. लिहिलं होतं — 'कावळेदादा, माझी आई वारली. दहाव्याला तू पिंडाला शिवलाच नाहीस. शेवटी दर्भाचा कावळा केला. सगळे म्हणाले, तिची काहीतरी इच्छा राहिली. बाबांना विचारलं की ते उठून जातात. तू तिला भेटतोस ना? काय राहिलं तिचं, विचारून सांग.'

मंडळी, मास्तरांच्या डोळ्यांतलं पाणी खळेना. पोरीला धीर यावा म्हणून त्यांनी लिहिलं — 'भेटलो तुझ्या आईला. तू वर्गात पहिली यावीस, एवढीच तिची इच्छा. ती पुरी कर, मग मी नक्की शिवेन.' पत्र पेटीत टाकलं आणि समाधानाने जेवले. आपणही जेवलो असतो!

वर्ष सरलं. एका सकाळी मामाचा हात धरून कुंदा मास्तरांच्या दारात उभी. हातात प्रगतिपुस्तक.

"मी पहिली आले. वर्षश्राद्धाला पान ठेवून दुपारपर्यंत उभी होते. कावळेदादा आला नाही. तो कुठे असतो?"

मास्तर खाली बसले. म्हणाले, "बाळ, ती पत्रं मीच लिहितो."

"मग आईला कोण भेटलं?"

"कुणी नाही गं."

"मग तिची इच्छा काय होती?"

"मला माहीत नाही."

पोर रडली नाही, मंडळी. रडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "वर्षभर बाबा रोज ओटीवर एकटे बसायचे. बस म्हणायचे जवळ. मी म्हणायचे, अभ्यास आहे."

मामा तिला घेऊन गेला. मास्तरांनी पुढे एकही पुस्तक लिहिलं नाही. कुणी विचारलंच तर सांगायचे, मी तिला एवढंच लिहायला हवं होतं — मला ठाऊक नाही, बाबांजवळ बस.

आता बोला आजी, पुण्य की पाप? मान हलत नाही ना! माझीही हलत नाही. मीही माझ्या नातवाला सांगून आलोय, तुझी आजी गावाला गेली म्हणून. तो खिडकीत बसलाय. हे कीर्तन संपवून मला घरी जायचंय, आणि मंडळी, पाय उचलत नाही.