पाचवा कॉम्प्युटर

ताई : बसा ना वहिनी. त्या खुर्चीवरचा वायरींचा गुंता खाली ठेवा.

वहिनी : नको, बसत नाही. आमच्या डॉक्टरांनी दिलेले कॉम्प्युटर कोणते, तेवढं दाखवा.

ताई : ही खिडकीखालची रांग, मोजून पाच. आमच्या वर्गात तुमच्या नवऱ्याला बोंब्या म्हणायचे, ठाऊक आहे ना? मेळाव्यात उभा राहिला नि म्हणाला, शाळेतल्या मुलांसाठी पाच कॉम्प्युटर माझ्याकडून. ते ऐकून बाकीच्या माजी विद्यार्थ्यांना लाज वाटली, म्हणून ही खोली भरली. नाहीतर झेरॉक्सचं दुकान सोडून मी महिनाभर नुसते फोन फिरवत बसले होते. एकेक जण म्हणायचा, बघतो, बघतो.

वहिनी : दवाखान्यात जुने चारच होते.

ताई : मग पाचवा?

वहिनी : माझा. पाचाला एक कमी पडत होता, तो घरातून उचलला. मी चार दिवस बहिणीकडे होते. आज दार उघडलं तर टेबलावर धुळीचा चौकोन. ह्यांना फोन केला, तर म्हणतात, तू त्यावर करतेस काय, सामानाच्या याद्या?

ताई : फॉर्मवरही तेच लिहिलंय त्याने. 'सध्या वापर : कुणी करत नाही.'

वहिनी : हाच तो, कोपऱ्याचा टवका उडालेला. लावा ना जरा.

ताई : वहिनी...

वहिनी : सरका, मी लावते.

ताई : वहिनी, कॉम्प्युटरच्या सरांनी काल सगळे पुसून कोरे केले. कुणाचं खाजगी काही मुलांच्या हाती लागायला नको, म्हणून मीच सांगितलं त्यांना. काय होतं त्यात?

वहिनी : नव्वद पानं.

(वहिनी वायरींसकट खुर्चीवर बसतात.)

ताई : कसली पानं?

वहिनी : पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. परवा सोमवारी द्यायचाय. लग्नात कॉलेज सुटलं ते सुटलंच होतं. तीन वर्षांपूर्वी बाहेरून बसायला लागले. घरात बोलले नाही.

ताई : चांगलीच तर गोष्ट आहे, लपवायची कशाला?

वहिनी : मागे पोहायला जायला लागले, तर ह्यांनी येईल त्या पेशंटला सांगितलं. दातांचे डॉक्टर ते. माणूस आ वासून पडलेला, त्याला पुरे म्हणायचीही सोय नाही. महिनाभर भाजीवालीसुद्धा विचारायची, बुडत नाही ना हो? पदवीचं कळलं असतं तर मला धड नापासही होता आलं नसतं.

ताई : दुसरीकडे कुठे ठेवलेलं नाही?

वहिनी : साठ पानं कागदावर आहेत. कॉलेजच्या बाईंनी लाल शाईने तपासून दिलेली, इस्त्रीच्या कपड्यांखाली ठेवलीत. उरलेली तीस डोक्यात असतील तर असतील.

ताई : मग हा घरी न्या. माजी विद्यार्थी मंडळाला काय सांगायचं ते मी बघते.

वहिनी : ह्यावर नावाची चिठ्ठी आहे.

ताई : नववीतली मुलगी आहे, शिष्यवृत्तीतली. उद्याच्या कार्यक्रमात द्यायचाय.

वहिनी : तिला सांगून झालंय?

ताई : सकाळी येऊन बघूनही गेली. उगाच स्क्रीन पुसत बसली होती ओढणीने.

वहिनी : मग राहू द्या तिथेच.

(डॉक्टर आत येतात.)

डॉक्टर : इथे आहेस होय. फोन का उचलत नाहीस? ताई, उद्याचा माईक तपासलास का? मागच्या वेळी नुसता शिट्ट्या मारत होता.

ताई : बोंब्या, जरा गप्प बस. तुझा तो कुणी वापरत नसलेला कॉम्प्युटर. त्यात वहिनींचा पदवीचा प्रकल्प होता. परवा द्यायचाय आणि आम्ही तो पुसून बसलोय.

डॉक्टर : पदवी? कुणाची?

वहिनी : माझी.

डॉक्टर : अगं, मग मला सांगायचं नाही? मी इथे विद्यार्थ्यांसाठी एवढा...

ताई : विद्यार्थी शोधत शाळेपर्यंत आलास खरा.

डॉक्टर : कशावर आहे प्रकल्प?

वहिनी : वाट बघणाऱ्या माणसांवर. आपला नंबर येईपर्यंत माणसं एकमेकांशी काय बोलतात, काय लपवतात. तुमच्या दवाखान्यातल्या बाकावर बसूनच टिपलंय सगळं.

डॉक्टर : मला वाटायचं, डबा द्यायला येतेस.

वहिनी : डबा दोन मिनिटांत देऊन होतो.

डॉक्टर : चल, दुकानं उघडी आहेत. नवीन घेऊ. हवा तो घे.

वहिनी : नवीन नको. दवाखान्यात सध्या वापरताय तो चालेल. आज आणि उद्या मी तिथे बसून टाइप करणार. तुम्ही शेजारी बसून ती साठ पानं वाचून दाखवायची. लिहिलंय तसंच. मध्ये आपलं काही घालायचं नाही.

डॉक्टर : उद्या माझं भाषण आहे गं.

ताई : मी सांगीन, बोंब्या येणार नाही. एक भाषण कमी झालं तर पोरं दुवाच देतील.

डॉक्टर : पत्रिकेवर नाव छापलंय माझं.

वहिनी : मग जा तुम्ही. मी एकटी करीन. नव्वद होणार नाहीत, साठ होतील.

डॉक्टर : साठांत पास करतात?

वहिनी : नाही.

डॉक्टर : बाईंचं लाल शाईतलं अक्षर लागेल ना मला?

ताई : तुझं अक्षर औषधवाल्याला लागतं, तुला कुणाचंही लागेल.

डॉक्टर : आणि पहिल्या पानावर काय आहे?

वहिनी : माझं नाव. तिथून सुरू करा.